विजेवरचा बहुउपयोगी कुकर कोकणातल्या स्वयंपाकघराला मानवतो का?

चर्चाप्रस्ताव (देवगडहून)

गेले चार महिने आमच्या ओट्यावर सहा लिटरचा, विजेवर चालणारा बहुउपयोगी प्रेशर कुकर आहे. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने तो आणून दिला आणि रोजच्या स्वयंपाकात मी तो नेटाने वापरून पाहिला. माझे मत असे झाले आहे की हे भांडे वेळ वाचवते म्हणून विकले जाते ते खरे नाही. ते वाचवते ते लक्ष, आणि ज्या घरात आता वयस्कर माणसेच उरली आहेत तिथे त्याची किंमत जास्त आहे.

काळ्या वाटाण्यांचेच उदाहरण देते. रात्रभर भिजवलेले वाटाणे घालून वीस मिनिटे लावली, तरी ती वीस मिनिटे आत दाब तयार झाल्यावरच मोजली जातात. दाब यायला बारा-पंधरा मिनिटे आणि तो आपोआप उतरायला तेवढीच, म्हणजे सारे मिळून पाऊण तासाच्या वर गेले. शेगडीवरच्या कुकरमध्ये दाब थोडा अधिक असतो, तापमान १२० अंशांच्या आसपास जाते, त्यामुळे तिथे हेच काम लवकर होते. पण विजेच्या कुकरजवळ उभे राहावे लागत नाही, शिट्ट्या मोजाव्या लागत नाहीत, आणि वेळ संपली की तो स्वतःच आच थांबवतो. माझ्या सासूबाईंना दोन वर्षांपासून ऐकू कमी येते. शिट्टी न कळल्यामुळे त्यांच्या हातून दोनदा कुकर करपला आणि त्यानंतर आम्ही त्यांना शेगडीपाशी जाऊ देईनासे झालो.

एक चूक मी केली ती सांगते. वाटण आधीच घातले, तर घट्ट रस्सा बुडाला लागतो आणि यंत्र इशारा देऊन थांबते. वाटाणे नुसत्या पाण्यात शिजवून, झाकण उघडल्यावर वाटण घालून उकळी काढली की उसळ नेहमीसारखी होते. नारळाचे दूधही शेवटीच घालावे, दाबाखाली ते फुटते.

प्रतिसाद (दापोलीहून)

आपला अनुभव प्रामाणिक आहे, तरीही मी असहमत आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले, त्यानंतर आमच्या भागातल्या कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्या दिवसांत घर तगले ते चुलीवर आणि सिलिंडरवर. वादळ राहू द्या, दर पावसाळ्यात तारांवर फांदी पडली की रात्र अंधारात जाते. घरातला लहान इन्व्हर्टर दिवे-पंखे चालवतो, हजार वॅटचे भांडे त्याला पेलत नाही. अर्धवट शिजलेल्या डाळीचा कुकर बंद पडला तर शेवटी गॅसच पेटवायचा असतो.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. साध्या कुकरची रिंग, शिटी, सेफ्टी व्हॉल्व्ह तालुक्याच्या बाजारात कुठेही मिळतात आणि ते बसवायला कोणाची मदत लागत नाही. इथल्या खाऱ्या हवेत लोखंडी कडी-कोयंडेसुद्धा टिकत नाहीत, तिथे बटणांची नाजूक पाटी किती वर्षे चालेल? ती बिघडली की भांडे घेऊन शहर गाठावे लागेल. जिथे वीज बेभरवशाची आहे, तिथे अन्न तिच्यावर सोपवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद (मालवणहून)

माझा आक्षेप वेगळा आहे. आमच्या रोजच्या जेवणातल्या किती पदार्थांना मुळात दाब हवा असतो? बांगड्याचे तिखले दहा मिनिटांत होते, कुळथाची पिठी ढवळत राहावी लागते, सोलकढीला विस्तवच नको. उकड्या तांदळाच्या पेजेला फेस येतो, म्हणून भांडे निम्म्याहून जास्त भरता येत नाही, नाही तर वाफेची वाट तुंबते. मग पाच माणसांची पेज त्यात करायची कशी?

आणखी एक अडचण झाकणातल्या सिलिकॉनच्या रिंगची आहे. ती वास धरून ठेवते. बहिणीकडे मटण शिजवल्यावर दोन दिवसांनी त्याच भांड्यात उकडीचे मोदक वाफवले, तेव्हा हळदीच्या पानांच्या वासामागून मसाल्याचा वास आला. गणपतीच्या नैवेद्याला हे चालणार नाही.

प्रतिसाद (अलिबागहून)

रिंगच्या अडचणीवर उपाय सोपा आहे: सामिष आणि शाकाहारी अशा दोन रिंगा वेगळ्या ठेवाव्यात, त्या बदलायला मिनिटही लागत नाही. मोदकांसाठी वाफेची वाट उघडी ठेवावी, दाब येऊ देऊ नये, नाही तर पारी फुटते. मी हे भांडे दोन वर्षे वापरते आहे आणि प्रस्तावाशी सहमत आहे.

मात्र मंद आचेवर तासन्‌तास शिजवण्याची जी सोय त्यात असते, तिच्याबद्दल सावध करते. राजमा त्यावर थेट कधीही लावू नये. कच्च्या राजम्यातले विषारी द्रव्य नाहीसे होण्यासाठी तो खळखळून उकळावाच लागतो, मंद आचेवर ते राहून जाते आणि उलट्या-जुलाब होतात. राजमा भिजवावा, ते पाणी फेकावे आणि तो दाबाखालीच शिजवावा.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर

दापोलीच्या प्रतिसादातले विजेबद्दलचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच आमची शेगडी आणि जुना कुकर जागच्या जागी आहेत आणि पावसाळ्यात भरलेला सिलिंडर हाताशी असतो. खाऱ्या हवेचा मुद्दा मी दुर्लक्षिला होता. यापुढे वापर झाल्यावर भांडे पुसून, कापडाखाली झाकून ठेवीन.

मालवणच्या प्रतिसादाला मात्र मी उत्तर देऊ इच्छिते. मासे, पिठी, सोलकढी यांना दाब नको हे खरे, आणि मीही ते पदार्थ त्यात करत नाही. पण वाल, चवळी, काळे वाटाणे, कच्च्या फणसाची भाजी आणि पावसाळ्यात उकडायच्या आठळ्या, एवढे पदार्थही आठवड्यातले चार दिवस व्यापतात. पेजेचे म्हणाल तर ती आमच्याकडेही टोपातच होते.

आपण दोघांनी भांड्याचा विचार केलात, मी माणसाचा करते आहे. सासूबाईंना तीन बटणे दाखवून दिली, त्यांवर मी रंगीत चिकटपट्टी लावली. वेळ संपली की पडद्यावरची अक्षरे बदलतात आणि ती त्यांना दिसतात, ऐकू यावे लागत नाही. करपल्याच्या धास्तीने आम्ही त्यांच्या हातून काढून घेतलेली सोमवारची उसळ आता पुन्हा त्याच करतात, आणि वाटण किती घालायचे यात मला बोलू देत नाहीत.