कोसॅक तर घोडेस्वार, मग समुद्रात कसे?

नकाशावेडा:
आशियाच्या ईशान्य टोकाला देझ्न्योव भूशिर आहे. हा सेम्योन देझ्न्योव कोसॅक होता म्हणे. कोसॅक म्हणजे डॉनकाठचे घोडेस्वार ना? तिथे बोटीने कसे पोचले?

पेन्शनर_कारकून:
सायबेरियातला कोसॅक म्हणजे झारचा पगारी शिपाई. पगार रोख, धान्य आणि मीठ मिळून. काम गढी राखायचं आणि 'यासाक', म्हणजे सेबल या मऊ केसाळ प्राण्याच्या कातड्यांचा कर, वसूल करायचं. रस्ते नव्हतेच, सगळी ये-जा नद्यांतून, तेव्हा घोड्याआधी नाव आली.

देझ्न्योव १६४८ मध्ये कोलिमा नदीच्या मुखातून निघाला. 'कोच' नावाच्या लाकडी बोटी. मोहीम खरं तर एका व्यापाऱ्याच्या गुमास्त्याची, फेदोत पोपोवची. देझ्न्योव करवसुलीसाठी सरकारी माणूस म्हणून बरोबर. वादळाने त्याची बोट अनादिर नदीच्या पार दक्षिणेला नेऊन आपटली. पंचवीस जण दहा आठवडे चालत नदीवर आले. उरले बारा.

माझा जन्म ट्रेझरीत गेला, त्यामुळे मला पुढचं जास्त रंगतदार वाटतं. १९ वर्षांचा पगार थकलेला! वालरसचे दात घेऊन गडी १६६४ मध्ये मॉस्कोत हजर. एक तृतीयांश रोख मिळाले, बाकीच्याचं कापड. आयोगाची थकबाकी पीएफात टाकली तर आम्ही केवढी बोंब मारली होती! आणि त्याचा प्रवासाचा अहवाल? सायबेरियातल्या याकुत्स्कच्या दप्तरात पडून. म्युलर नावाच्या इतिहासकाराला तो १७३६ मध्ये सापडला, तोवर बेरिंग हा दर्यावर्दी आशिया आणि अलास्कामधल्या त्याच सामुद्रधुनीतून जाऊनही आला होता.

नकाशावेडा:
मग अलास्काही यांनीच घेतलं?

खाडीकाठची:
नाही, ते फरच्या व्यापाऱ्यांचं काम. सुरुवात मात्र एका कोसॅकाचीच, १७४३ मध्ये बासोव कामचटकाजवळच्या बेरिंग बेटावर शिकारीला गेला. पुढे अलास्काच्या बाजूच्या अल्यूशियन बेटांकडे जाणाऱ्या जहाजांवर यासाकसाठी कोसॅक असायचे. वसुलीची रीत फार वाईट. गावातल्या मुख्याची मुलं ओलीस ठेवायची, कातडी आली नाहीत तर मुलं रशियनांच्या ताब्यातच. अशा ओलिसाला रशियन शब्द 'अमानात'.

पेन्शनर_कारकून:
अहो ताई, म्हणजे आपली 'अनामत'च की! दोन्ही शब्द मूळ अरबी. रजिस्टरात तीस वर्षं हाच रकाना भरला मी.

नकाशावेडा:
काका, यांची अनामत परत मिळायची का?

खाडीकाठची:
बऱ्याचदा बदल्यात दुसरा मुलगा द्यावा लागे.