प्रतिसाद: फ्री रॅडिकल म्हणजे निव्वळ कचरा नव्हे

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की फ्री रॅडिकल (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेले, चटकन अभिक्रिया करणारे रेणू) हा कचराच, तेव्हा अँटिऑक्सिडंटच्या (त्यांना निष्प्रभ करणाऱ्या पदार्थांच्या) गोळ्या घेतल्या की मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) सुरक्षित. इथे थोडी भर घालतो.

श्वसनसाखळी म्हणजे मायटोकॉन्ड्रियात इलेक्ट्रॉन पुढे सरकवणारी प्रथिनांची रांग. तिच्यातले काही इलेक्ट्रॉन, मुख्यतः कॉम्प्लेक्स १ आणि ३ (रांगेतले पहिला व तिसरा प्रथिनगट) पाशी, गळतात आणि ऑक्सिजनला मिळून सुपरऑक्साइड हे फ्री रॅडिकल बनतं. मँगनीज असलेलं एसओडी-२ हे एन्झाइम त्याचं लगेच हायड्रोजन पेरॉक्साइड करतं; पुढे पेरॉक्सिरेडॉक्सिन आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही एन्झाइम त्याचं पाणी करतात. घोळ होतो तो मोकळं फेरस लोह असलं की. त्याच्यामुळे पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं, आणि त्याला आवरणारं एन्झाइम शरीरात नाहीच.

हृदयविकाराच्या झटक्यात ही गळती फार स्पष्ट दिसते. रक्तपुरवठा बंद असताना पेशीत सक्सिनेट (श्वसनसाखळीला इलेक्ट्रॉन पुरवणारं रसायन) साठतं. रक्त परत वाहू लागलं की ते झपाट्याने जळतं, इलेक्ट्रॉन कॉम्प्लेक्स १ मध्ये उलटे ढकलले जातात आणि सुपरऑक्साइडचा लोंढा येतो. म्हणजे जो ऑक्सिजन स्नायू वाचवतो, तोच परतताना काही इजाही करतो!

आता गोळ्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, जर्मनीत केलेल्या चाचणीत ४ आठवडे व्यायामासोबत रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० आययू (आंतरराष्ट्रीय एकक) ई जीवनसत्त्व दिलं. व्यायामाने इन्सुलिनला मिळणाऱ्या प्रतिसादात होणारी सुधारणा त्या गटात दिसलीच नाही. कारण व्यायामात वाढणारे हे थोडेसे फ्री रॅडिकल पेशीला संदेश देतात: स्वतःची संरक्षक एन्झाइम वाढव. तो संदेशच गोळ्यांनी दाबला. कमतरता असल्यामुळे डॉक्टरांनी दिलेलं जीवनसत्त्व मात्र यात धरू नका.