खाडीकाठच्या खाजणात टी-ट्री लावावा का?

प्रश्न : रंकाळाकाठ, कोल्हापूर
आमची वडिलोपार्जित जमीन आचऱ्याच्या खाडीला लागून आहे. पुढे तिवरांची दाटी, मग खारबंधारा आणि त्यामागे कित्येक वर्षे पडीक असलेले भाताचे खाजण. ऑस्ट्रेलियात टी-ट्री कांदळवनाच्या पाठीलाच वाढतो आणि त्याच्या तेलाला भाव आहे, असे सांगून एक रोपवाटिकेवाले तीच रोपे लावण्याचा आग्रह धरत आहेत. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर : पाणथळप्रेमी
म्हणणे खरे आहे, पण अर्धेच. तेलाचा टी-ट्री म्हणजे मेलॅल्यूका अल्टर्निफोलिया. तो उत्तर न्यू साउथ वेल्समधील ओढ्यांकाठचा आणि गोड्या पाणथळीतला असल्याने आपल्या खाजणात तग धरेल, असे मला वाटत नाही. पूर्व ऑस्ट्रेलियात कांदळवनामागे जे बन उभे असते, ते मुख्यतः मेलॅल्यूका क्विन्क्वेनर्व्हियाचे. याची पाने रुंद, आणि साल जुन्या वहीच्या पानांसारखी पदरापदराने सुटते. जिथे भरती नित्य पोहोचते तिथे तिवर, आणि त्याहून किंचित उंचावर, जिथे पावसाचे पाणी महिनोन्‌महिने तुंबून राहते, तिथे हे बन.

म्हणून तिथले व्यवस्थापन हे मुळात पाण्याचे व्यवस्थापन आहे. चर खणून पाणी काढले, की चिखलातील लोह-गंधकाच्या संयुगाला हवा लागून गंधकाम्ल तयार होते आणि पुढच्या मोठ्या पावसात ते खाडीत उतरून मासे मरतात. उलट, खारे पाणी आत घुसले तर बनच वठते. नॉर्दर्न टेरिटरीतील मेरी नदीच्या मैदानात तसे झाले आणि खारे पाणी अडवण्यासाठी बांध घालावे लागले. (आपल्या खारबंधाऱ्यांची आठवण व्हावी असेच.)

उत्तर : जांभूळबन
मला धास्ती आहे ती बियांची. क्विन्क्वेनर्व्हिया फ्लोरिडात विसाव्या शतकाच्या आरंभी नेला गेला आणि एव्हरग्लेड्सच्या विस्तीर्ण पाणथळीत माजला. एका झाडावर लक्षावधी बिया बंद बोंडांत वर्षानुवर्षे टिकून राहतात. झाड तोडा किंवा जाळा, बोंडे उघडून त्या खाली सांडतात, शिवाय जळलेले खोड पुन्हा फुटतेच. अखेर 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातून त्याची कोवळी पाने खाणारा भुंगा आणून सोडावा लागला. आपल्याकडचा बॉटलब्रश त्याचाच जवळचा नातेवाईक आहे. त्याची बोंडे असलेली फांदी कागदावर वाळत ठेवून पाहा.

माझे मत विचाराल, तर आधी बंधाऱ्याची उघाडी (पाणी सोडण्या-अडवण्याचे दार) तपासा. ती दुरुस्त होण्याजोगी असेल तर खारे पाणी सोसणारे भात घेता येईल, आणि बंधारा फुटलेलाच असेल तर भरतीबरोबर तिवर आपणहून आत येईल.

रंकाळाकाठ
दोघांचेही आभार. शेजाऱ्यांच्या अंगणातील बॉटलब्रशची फांदी आणून गच्चीवर वाळत ठेवली होती. आठवडाभराने उचलली, तर खाली तपकिरीसारखी बारीक पूड पडलेली, आणि हाताच्या वाऱ्यानेच निम्मी उडून गेली. रोपांचा विसार अजून दिलेला नाही. उघाडी पाहायला येत्या अमावास्येच्या ओहोटीला आचऱ्याला जातो.