वुदरिंग हाइट्स: याला प्रेमकथा का म्हणतात लोक?

अर्धवट_वाचक
प्रत्येक 'अजरामर प्रेमकथा' यादीत एमिली ब्रॉन्टेचं हे पुस्तक असतंच म्हणून शेवटी घेतलं वाचायला. नायिका कॅथरीन मेली आणि पुस्तक जेमतेम निम्मं झालंय! आता पुढे काय उरलंय? आणि खरं सांगू, तो हीथक्लिफ मला डोक्यात गेलाय. कॅथरीनच्या नणंदेला, इझाबेलाला पळवून नेताना तिचं कुत्रं लटकवतो, वर तिच्यासमोरच म्हणतो की मी हिला कधी खोटा गोडवा दाखवला नाही. हा रोमँटिक हीरो?? कॅथरीन तरी काय, शेजारच्या श्रीमंत एडगर लिंटनशी लग्न करायचं आणि हीथक्लिफही हवाच, मनासारखं झालं नाही की खोलीचं दार लावून जेवण बंद. पुढे वाचू का सोडून देऊ?

रात्रपाळी
सोडू नकोस गं. प्रेमकथा म्हणून वाचलंस तर निम्म्यावरच संपल्यासारखं वाटणार, पण खरं नुकसान काय होतं ते पुढच्या भागातच आहे. स्पॉयलर देते, चालेल ना. हीथक्लिफ नुसता रडत बसत नाही, तो घरंदारं गिळतो. कॅथरीनचा भाऊ हिंडली दारू आणि जुगारात बुडालेला, त्याची जमीन गहाण घेऊन त्यांचं घर वुदरिंग हाइट्स याच्या ताब्यात. मग कॅथरीनच्या मुलीला डांबून ठेवून आपल्या आजारी पोराशी तिचं लग्न लावतो, तिकडे तिचा बाप एडगर मरायला टेकलेला, कारण लग्न झालं की बायकोची मालमत्ता नवऱ्याकडे जायची तेव्हाच्या इंग्लंडात. म्हणजे लिंटन मंडळींचं घर, थ्रशक्रॉस ग्रेंजपण खिशात. ज्यांनी याचं काही वाकडं केलं नाही, काही तर तेव्हा जन्मालाही आले नव्हते, त्यांच्याकडून वसुली. मला तरी यात प्रेम कमी आणि हिशोब जास्त दिसतो.

माळरान
थोडं असहमत. हीथक्लिफ म्हणजे लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेलं पोर, त्याला घरी आणणारा कॅथरीनचा बाप, म्हातारा अर्नशॉ गेल्यावर हिंडलीने त्याला शेतगडी करून टाकलं, शिक्षण बंद, मारहाण. कॅथरीन हे एकच माणूस त्याचं. आणि तिचं वाक्य काय ऐकतो तो? हीथक्लिफशी लग्न केलं तर माझी पत जाईल. तेवढं ऐकून बाहेर पडतो आणि ती पुढे म्हणते की तो म्हणजे मीच आहे, ते ऐकायला हा तिथे नाहीच. तीन वर्षं गायब. त्याने नंतर जे केलं त्याचं समर्थन नाही करत, पण तो राक्षस म्हणून जन्माला आला नव्हता, केला गेला.

चष्मा_पुसून
आणि तो ऐकतोय, उठून चाललाय हे मोलकरीण नेलीला दिसतं बरं का! बाकाच्या पाठीमुळे कॅथरीनला दिसत नाही. नेली तिला तिथल्या तिथे सांगत नाही, विषय टाळते, सांगते ते रात्री जेवायच्या वेळी. कॅथरीन पावसात त्याला शोधत भिजते, तापाने फणफणते, लिंटन मंडळी तिला हवापालट म्हणून घरी नेतात आणि एडगरचे आईबाप दोघंही त्याच तापाने जातात. प्रेम या दोघांचं आणि मयत शेजाऱ्यांच्या घरी. आपण सगळं नेलीच्या तोंडून ऐकतो, त्यामुळे तिचा स्वतःचा वाटा ती हळूच बाजूला सारते असं मला कायम वाटत आलंय.

अर्धवट_वाचक
अरे हो, नेलीचं लक्षातच नाही आलं, मी तिला नुसती गोष्ट सांगणारी समजत होते. मग शेवटी सूड पूर्ण होतो का त्याचा?

रात्रपाळी
तीच तर गंमत आहे. दोन्ही घरं हातात, आता शेवटचा घाव घालायचा, आणि याची इच्छाच मरते. हिंडलीचा मुलगा हॅरटन आणि कॅथरीनची मुलगी, धाकटी कॅथी शेजारी बसून वाचत असतात, दोघांचे डोळे थेट कॅथरीनचे, बघून हा गपगार होतो. हॅरटनला त्याने मुद्दाम अडाणी ठेवलेलं, स्वतःला हिंडलीने ठेवलं तसंच, आणि तोच हॅरटन हा मेल्यावर धाय मोकलून रडतो, बाकी कोणी नाही. मला तिथे हीथक्लिफपेक्षा हॅरटनचंच जास्त वाईट वाटलं.

माळरान
+१. आणि वंशावळ कागदावर काढून ठेव आधीच, दोन कॅथरीन आहेत आणि लिंटन हे एकाचं आडनाव तर दुसऱ्याचं पाळण्यातलं नाव, विसाव्या प्रकरणानंतर डोकं गरगरतं.