धुळे शहरातील पुतळे, स्मारकस्तंभ आणि कोरीव दर्शनी लाकूडकाम : नोंद कशी ठेवावी?

पांझराकाठ (प्रश्न) :
नमस्कार. जुने धुळे आणि 1819 नंतर ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज यांच्या काळात आखल्या गेलेल्या सरळ गल्ल्या, या भागांतील सार्वजनिक कलेची सूची करण्याचे काम आम्ही काही मित्रांनी हाती घेतले आहे. चौकांतले पुतळे, स्मारकस्तंभ आणि कोनशिला यांबद्दल शंका नाही. अडचण येते ती गल्लीकडे तोंड करून उभ्या असलेल्या सागवानी घरांपाशी. त्यांचे हस्त (तुळयांखालचे कोरीव आधार), तुळया आणि गणेशपट्ट्या (दारावरच्या गणपती कोरलेल्या पट्ट्या) येणारा-जाणारा प्रत्येक जण पाहतो, पण मालकी खासगी आहे. स्वच्छता मोहिमेत रंगवलेली भिंतीचित्रे तर दोन-तीन पावसाळ्यांत नाहीशी होतात. ही दोन्ही सूचीत घ्यावीत का?

दुसरी बाब तातडीची आहे. एका चौकातील काळ्या दगडाच्या स्तंभाला जयंतीपूर्वी ऑइलपेंट देण्याचे तेथील मंडळींनी ठरवले आहे. आधीच्या थरांखाली तळाच्या दोन ओळी जवळजवळ बुजल्या असून वर्षाचा शेवटचा आकडा बोटाने चाचपल्यावरच लागतो. ही मंडळी श्रद्धेने खर्च करत आहेत, म्हणून त्यांना न दुखावता काय सांगावे?

तापीतीर :
दोन्ही घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. सूचीत नाव आल्याने मालकी बदलत नाही. मात्र फोटो घेण्यापूर्वी घरमालकाला भेटून हेतू सांगावा आणि पत्ता प्रसिद्ध करायचा की नाही हे त्यालाच ठरवू द्यावे, कारण कोरीव लाकडाला बाजारात गिऱ्हाईक असते. भिंतीचित्रांची नोंद तर आधी करावी, कारण त्यांच्याकडे वेळ सर्वांत कमी आहे.

नोंदीत ठिकाण, माप, माध्यम, कलाकार, खर्च करणारा, सध्याची स्थिती आणि देखभालीची जबाबदारी ही माहिती हवी. कोरलेला मजकूर मात्र अक्षरशः, ओळींची तोड आणि शुद्धलेखनाच्या चुकांसह उतरवावा. सुधारून लिहिलेला मजकूर पुरावा म्हणून कामाचा राहत नाही. घटनेची तारीख आणि स्मारकाची तारीख वेगळ्या रकान्यांत लिहावी. नंदुरबारला 9 सप्टेंबर 1942 रोजी गोळीबारात बालवीर शिरीषकुमार आणि त्याचे साथीदार हुतात्मा झाले. तेथील स्मारक त्या घटनेनंतर उभारले गेले, तेव्हा एकच रकाना ठेवून त्यात 1942 लिहिले, तर वस्तूचे वय चुकीचे नोंदले जाईल. म्हातारी माणसे एखाद्या पुतळ्याविषयी अहिराणीत काही सांगतील, ते त्यांच्याच शब्दांत ठेवावे.

सागवान :
स्तंभाबद्दल. बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड, उघड्यावर टिकणारा आहे, त्याला संरक्षण म्हणून ऑइलपेंटची गरज नसते. उलट रंगाचा पापुद्रा सांध्यांतून शिरलेला ओलावा आत अडवतो, आपल्याकडच्या उन्हात तो फुगून सुटतो आणि पुढच्या वर्षी त्यावर आणखी एक थर चढतो. अक्षरे बुजतात ती अशी. मंडळींना विरोध करण्याऐवजी त्याच पैशांत चौथऱ्याचे सांधे चुन्याने भरून घेणे आणि पाण्याचा निचरा नीट करणे सुचवावे. सांधे सिमेंटने भरू नयेत. ते जुन्या चुन्यापेक्षा कडक असते, त्यातून क्षार दगडात उतरतात आणि कडा फुटू लागतात.

बुजलेल्या ओळींसाठी अंधार पडल्यावर जावे. विजेरी समोरून न धरता दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने प्रकाश टाकावा, म्हणजे रंगाखालच्या खाचांचीही सावली पडते. मग दुसऱ्या बाजूने प्रकाश टाकून पुन्हा फोटो घ्यावा. अक्षरांत खडू किंवा रंग भरू नये, आणि जुना रंग खरवडण्याचे काम जाणकाराशिवाय कोणाला करू देऊ नये.

लाकडाविषयी मला जास्त काळजी वाटते. वाळवीला रोखण्यासाठी गाडीतून काढलेले जुने काळे इंजिन ऑइल लाकडाला फासण्याची पद्धत आपल्या भागात आहे. त्यावर धूळ बसून नक्षी भरून जाते आणि ते पुन्हा काढणे फार कठीण होते. आधी छपराची गळती थांबवावी, कारण वाळवी ओल शोधत येते. कांस्य पुतळे मऊ ब्रशने आणि स्वच्छ पाण्याने धुवावेत. आम्ल किंवा भांडी घासण्याची पावडर वापरू नये. दुग्धाभिषेक झाला असेल, तर त्याच दिवशी पुतळा धुऊन कोरडा करावा.

नियमावली :
महाराष्ट्राच्या 1960 च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याचे संरक्षण शासनाने संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या जुन्या स्मारकांना मिळते, त्यामुळे आपल्या चौकांतील बहुतेक पुतळे त्याच्या बाहेर राहतात. त्यांच्यासाठी आधार म्हणजे विकास नियंत्रण नियमांखालील (शहरातील बांधकामांच्या नियमांखालील) वारसा यादी, आणि त्या यादीत प्रस्ताव द्यायचा तर आपली सूचीच कामी येईल.

फोटो प्रसिद्ध करण्यापूर्वी 1957 चा कॉपीराइट कायदा पाहावा. सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पाचा फोटो प्रसिद्ध करता येतो, परंतु ही सवलत भिंतीवरील चित्राला नाही. कलाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत त्याची किंवा वारसांची परवानगी घेणे उचित.

कलाकाराचे नाव शोधण्यात मात्र कसूर करू नये. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भव्य कांस्य भित्तिशिल्प 1979 मध्ये उतरवून अडगळीत टाकले गेले. त्यांनी दाद मागितली आणि 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कलाकृती परत देण्याचा व पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. कलाकृतीची मोडतोड हा कर्त्याच्या नैतिक हक्काचा (आपल्या कलाकृतीशी असलेले नाव आणि तिची प्रतिष्ठा जपण्याच्या हक्काचा) भंग ठरू शकतो, हे त्यातून पक्के झाले. कर्त्याचे नावच ठाऊक नसेल, तर हा हक्क बजावणार कोण?

पांझराकाठ :
सर्वांचे मनापासून आभार. विजेरीने फोटो घेण्याचे काम रंगकामापूर्वीच उरकतो. कलाकारांची नावे कोठे शोधावीत?

तापीतीर :
चौथऱ्याच्या मागची बाजू आणि पुतळ्याच्या पायाजवळची कड आधी पाहावी, सही बहुधा तेथेच असते. नंतर नगरपालिकेच्या त्या वर्षांच्या ठरावांची इतिवृत्ते मागावीत. पुतळ्याच्या मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते, म्हणून अलीकडच्या पुतळ्यांचे कागद तेथेही असतील. जुन्या शहराच्या संदर्भासाठी 1927 मध्ये धुळ्यातच स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ आहे. पूर्ण झालेल्या सूचीची एक छापील प्रत तेथेही द्यावी.