भाजी-किराणा सायकलने: जमण्यासारखं की नुसती हौस?

कॅरियरवाला (धागाकर्ता)

स्पष्टच लिहितो. दोन-तीन किलोमीटरवरच्या भाजी-किराण्यासाठी कार काढणं हा शुद्ध आळस आहे. 'सामान असतं हो' हे कारण तर देऊच नये. पुण्यातले दूधवाले याच रस्त्यांवरून दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या लटकवून वर्षानुवर्षं फिरले. आपली आठवड्याची भाजी त्यापुढे काहीच नाही.

सगळं वजन कुठे ठेवता यावर आहे. लोक पिशवी हँडलला अडकवतात, ती झोके खाते, वळताना चाकात जाते आणि मग 'सायकलवर सामान येत नाही' असा निष्कर्ष निघतो. कॅरियरच्या दोन्ही अंगांना खाली लोंबणाऱ्या पिशव्या लावा. कांदे-बटाटे तळाला, दोन्हीकडे सारखेच. टोमॅटो त्यावर. कोथिंबीर-पालक पुढच्या टोपलीत. आणि साइड स्टँड काढून डबल स्टँड बसवून घ्या, नाहीतर भरलेली सायकल मंडईच्या दारात आडवी होते आणि वांगी गोळा करत बसावं लागतं.

शिवाय थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं, धूरही जास्त सोडतं. एवढ्याशा फेरीत ते नीट तापायच्या आत दुकान आलेलं असतं. पार्किंग शोधत घातलेल्या चकरा वेगळ्याच.

तिरकस

मंडईला कारने जातं कोण? पुण्यात भाजी येते ती ॲक्टिव्हावर. पायापाशी गव्हाची पिशवी, हुकाला भाजी, डिकीत तेल. तुमचा सामना स्कूटरशी आहे आणि तिथे सायकल सपशेल हरते. बाकी चालू द्या.

कॅरियरवाला

रविवारी संध्याकाळी कुठल्याही मोठ्या मार्टच्या पार्किंगबाहेरची रांग बघून या, मग विचारा कारने कोण जातं.

सई_क

असहमत. 'आळस' हा शब्द तर फारच खटकला. घरात सामान आणतं कोण, हा प्रश्न धाग्यात आलेलाच नाही. ऑफिस सुटल्यावर पाळणाघरातून पोराला घ्यायचं, वाटेत भाजी, अंधार पडलेला, मागून बसचा हॉर्न आणि पुढे खड्डा. यात मी सायकल चालवू?

२०१७ मध्ये पुण्याचा सायकल आराखडा मंजूर झाला. त्याच सुमारास ॲपवरच्या भाड्याच्या सायकली आल्या आणि काही वर्षांत दिसेनाशाही झाल्या. आमच्या बाजूला ट्रॅक आहे, त्यावर पाणीपुरीच्या गाड्या उभ्या असतात. रोज.

आइंडहोवनकर

घरात कार आहे, तरी आठवड्याचं सामान सायकलनेच येतं. इथे नेदरलँड्समध्ये त्याचं कोणाला कौतुकही नाही. पण दोन गोष्टी सांगतो. देश सपाट खरा, पण समोरचा वारा चढापेक्षा वाईट. आणि देशी दुकानातून दहा किलोचा तांदूळ आणायचा असेल तर मीही कारच काढतो, उगाच शहीद होत नाही.

दुसरं म्हणजे, हे लोक काही जन्मजात सायकलवाले राहिले नव्हते. मधल्या काळात इथेही कारचंच राज्य होतं. १९७१ साली रस्ते अपघातांत ३,००० हून अधिक माणसं गेली, त्यात ४०० हून अधिक मुलं होती. 'मुलांच्या हत्या थांबवा' म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलसंकटात रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. रस्ते बदलले ते या सगळ्या रेट्यानंतर. त्यामुळे सईताईंशी सहमत, आधी रस्ता द्या.

तिरकस

आणि चांदणी चौकाचा चढ तिकडे घेऊन जा.

म्हापशेकार

अवांतर: आमच्या गोव्यात पोदेर अजून सायकलवरूनच पाव विकतो. मागे मोठी टोपली, वर प्लास्टिक, हातात भोंपू. पावसातसुद्धा. हल्ली काही जण स्कूटर घेतात, पण धंदा सायकलवर होतच नाही असं कोणी म्हणू नये.

निवृत्त_सदाशिव

आमचे गुडघे केव्हाच गेले. वाण्याला फोनवर यादी सांगतो, त्याचा पोऱ्या सायकलवर सामान आणून देतो. म्हणजे आमच्याकडे किराणा सायकलनेच येतो, पेडल तेवढं दुसरा मारतो. कॅरियरवाले, आम्ही आळशी की पर्यावरणप्रेमी?

कॅरियरवाला

काका, तुम्ही सुटलात! :-) 'आळस' जवळच्या धडधाकट कारवाल्यांसाठी होता आणि त्यावर मी ठाम आहे. पण 'आधी रस्ता' हे मला पटत नाही. रस्त्यावर सायकली दिसल्याच नाहीत तर ट्रॅक मागणार कोण आणि कोणासाठी?

सई_क

काकांकडे येणाऱ्या त्या पोऱ्यासाठी मागा की. तो दिवसभर त्याच रस्त्यावर असतो, खांद्यावर साखरेची पिशवी घेऊन. सायकली दिसत नाहीत असं नाही, आपण त्या मोजत नाही. वॉर्ड ऑफिसला ट्रॅकवरच्या गाड्यांची तक्रार द्यायची असेल तर मजकूर लिहा, मी सही करते. सायकल मात्र इतक्यात घेणार नाही.

तिरकस

सही माझीही घ्या. आणि ते डबल स्टँड गिअरच्या सायकलला बसतं का हो? भाच्याची धूळ खात पडली आहे.