मदत हवी आहे: जुन्या नॅरोगेजच्या जागेवरची पाणथळ कशी राखायची?

नमस्कार मंडळी. आमच्या शिवारातून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी जायची. रुंदीकरणात नवा रूळमार्ग बाजूने गेला, जुना भराव तसाच पडून आहे. भरावासाठी माती उपसलेल्या खड्ड्यांत माघापर्यंत पाणी टिकतं. पावसाळ्यात पाणकणसात (पाण्यातलं उंच गवत) टिबुकल्या, म्हणजे बुड्या मारणारे छोटे पाणपक्षी, घरटी करतात. बेशरम हे तण मात्र माजलंय, आणि हल्ली राडारोड्याचे ट्रॅक्टरही येऊ लागलेत.

ही जागा राखायला गाव तयार आहे. पण वन्यजीव कायद्याच्या कलम ३६सी मधलं 'सामुदायिक राखीव' क्षेत्र खासगी किंवा सामूहिक जमिनीपुरतंच. रेल्वेची जमीन केंद्राची, म्हणजे ३६ए खाली 'संवर्धन राखीव' क्षेत्र, तेही केंद्राच्या पूर्वसंमतीने. मग अर्ज आधी कुठे द्यायचा, वनविभागात की रेल्वेच्या विभागीय कार्यालयात? ग्रामसभेच्या ठरावाचा नमुना कुणाकडे आहे का?